१७५ पानांना २१८९ किलो तांदूळ? फोरकास्ट.लिनियरचं उत्तर कसं वाचायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा घरगुती समारंभांना जेवण पुरवण्याचा व्यवसाय आहे. मुंज, साखरपुडा, डोहाळजेवण, वास्तुशांत अशा आठ ऑर्डरींची नोंद तुम्ही शीटमध्ये ठेवली आहे: किती पानं झाली, म्हणजे किती जण जेवले, आणि किती किलो तांदूळ लागला. आता १७५ पानांची ऑर्डर आली आहे. फोरकास्ट.लिनियर हे शीटमधलं फंक्शन वापरून तांदळाचा अंदाज काढला तर उत्तर येतंय २१८९.६९. तुम्ही विचारलंय की सूत्र चुकलं कुठे, बरोबर उत्तर आलं तर त्यावर किती विसंबायचं, आणि पुढच्या लग्नसराईतल्या ६०० पानांच्या ऑर्डरीला हेच सूत्र चालेल का.

तुम्ही दिलेले आकडे इथे पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतःच्या शीटमध्ये करून बघता येईल. ए स्तंभात पानं, बी स्तंभात किलो, दुसऱ्या ओळीपासून नवव्या ओळीपर्यंत:

४० पानं – ५ किलो
६० – ६
८० – ८
१०० – १०
१२० – १०.५
१५० – १४
२०० – १७
२५० – २१.५

(सूत्रं मी देवनागरीत लिहितोय, शीटमध्ये फंक्शनची नावं आणि रकान्यांचे पत्ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे.)

पहिली गोष्ट लगेच मिटवू. तुम्ही लिहिलंय =फोरकास्ट.लिनियर(१७५,ए२:ए९,बी२:बी९). या फंक्शनला आधी तो नवा आकडा लागतो ज्यासाठी अंदाज हवाय, मग ज्याचा अंदाज हवाय तो स्तंभ, आणि सगळ्यात शेवटी ज्याच्यावरून अंदाज काढायचा तो स्तंभ. म्हणजे किलो आधी, पानं नंतर. बहुतेक सगळ्यांच्या शीटमध्ये पानांसारखा स्तंभ डावीकडे असतो, म्हणून हात आपोआप तोच आधी निवडतो. तुमच्या सूत्राचा अर्थ झाला, "१७५ किलो तांदूळ शिजवला तर किती पानं उठतील?" आणि त्याचं उत्तर २१८९.६९ पानं असं आलं. सूत्राने तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इमानदारीने दिलंय. इथे आकडा इतका अचाट आला म्हणून निदान लक्षात तरी आलं. दोन्ही स्तंभ एकाच पट्टीतले असते, समजा दोन्हीकडे रुपयेच असते, तर उलटं सूत्र असंच पटण्यासारखं उत्तर देऊन गेलं असतं.

बरोबर सूत्र: =फोरकास्ट.लिनियर(१७५,बी२:बी९,ए२:ए९). उत्तर १५.४४ किलो.

एक्सेल २०१६ पूर्वीचं असेल तर नुसतं फोरकास्ट लिहा; काम तेच, क्रमही तोच. गूगल शीट्समध्ये आणि लिब्रेऑफिसमध्येही दोन्ही नावं चालतात. खाली ओढून बऱ्याच ऑर्डरींचा अंदाज काढायचा असेल तर दोन्ही रेंजना डॉलरचं चिन्ह लावून घ्या ($ए$२:$ए$९ असं), नाहीतर प्रत्येक ओळीला रेंज एकेक घर खाली सरकते आणि शेवटच्या ओळींचे अंदाज अर्ध्याच नोंदींवर निघतात. यात कुठेही लाल खूण दिसत नाही, म्हणून हे जास्त त्रासदायक. उलट #एन/ए आलं तर समजायचं की दोन रेंजची लांबी सारखी नाही, आणि #डिव्ह/०! आलं तर सगळ्या ओळींत पानांचा आकडा एकच आहे. रकान्यात "१० किलो" असं अक्षरासकट लिहिलं असेल तर शीट त्याला मजकूर समजते आणि ती ओळ गुपचूप वगळते. किलो हा शब्द स्तंभाच्या शीर्षकात लिहावा, रकान्यात फक्त आकडा. तशीच काळजी शून्याची: ज्या दिवशी तांदळाची नोंद राहिली तिथे ० टाकू नका, घर रिकामं सोडा. रिकामं घर वगळलं जातं. शून्य मात्र "शंभर पानं उठली आणि तांदूळ लागलाच नाही" अशी खरी नोंद म्हणून मोजलं जातं.

आता १५.४४ हा आकडा आला कुठून ते बघू, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

तुमचा आचारी त्रैराशिक करत असणार. आठ ऑर्डरींत मिळून १००० पानं आणि ९२ किलो, म्हणजे पानाला ९२ ग्रॅम, १७५ पानांना १६.१ किलो. हे वाईट नाही. पण हेच त्रैराशिक ४० पानांना ३.६८ किलो सांगेल, आणि तुम्हाला तिथे ५ किलो लागले होते. २५० पानांना २३ सांगेल, लागले २१.५. छोट्या ऑर्डरीला कमी आणि मोठीला जास्त, असं ते पद्धतशीर चुकतं. कारण त्रैराशिकाची रेघ शून्यातून जावी लागते, आणि तुमच्या स्वयंपाकघराचा हिशोब शून्यातून सुरू होत नाही. पानं कितीही असोत, वाढप्यांचं आणि मदतनिसांचं जेवण असतं, पातेल्याच्या तळाला थर बसतो, नैवेद्य असतो.

फोरकास्ट.लिनियर रेघेला शून्यातून जायची सक्ती करत नाही. रिकाम्या घरात =स्लोप(बी२:बी९,ए२:ए९) लिहा, ०.०७८७५ येईल. शेजारी =इंटरसेप्ट(बी२:बी९,ए२:ए९) लिहा, १.६५६२५ येईल. म्हणजे १.६६ किलो मुळातच, आणि वर दर पानाला सुमारे ७९ ग्रॅम. १७५ ला ०.०७८७५ ने गुणा, १.६५६२५ मिळवा, १५.४३७५ आलं. फोरकास्ट.लिनियर एवढंच करतं.

हे दोन आकडे कागदावरही काढता येतात. पानांची सरासरी १२५, तांदळाची ११.५ किलो. प्रत्येक ऑर्डर सरासरीपासून किती लांब आहे ते दोन्ही बाजूंनी काढायचं. ४० पानांची ऑर्डर पानांत ८५ ने मागे, किलोत ६.५ ने मागे. दोन्हींचा गुणाकार ५५२.५. असे आठही गुणाकार मिळवले की २८३५ येतात. पानांच्या फरकांचे वर्ग मिळवले की ३६०००. एकाला दुसऱ्याने भागलं की ०.०७८७५. उरलेला १.६५६२५ असा निवडलेला असतो की रेघ बरोबर सरासरीच्या बिंदूतून जावी. अशा रेघेचं वैशिष्ट्य एकच: खऱ्या किलोंपासून तिच्या फरकांच्या वर्गांची बेरीज दुसऱ्या कुठल्याही सरळ रेघेपेक्षा कमी असते. लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने ही रीत १८०५ साली धूमकेतूंच्या कक्षांवरच्या पुस्तिकेत छापली. तेव्हापासून गणित तेच आहे, फक्त आता एका सूत्रात मावतं.

मुळातल्या १.६६ किलोला मात्र फार अर्थ चिकटवू नका. तुमची सगळ्यात छोटी ऑर्डर ४० पानांची आहे. शून्य पानांजवळ एकही नोंद नाही. रेघ तिथे फक्त लांबवलेली आहे.

आता विसंबायचं किती, हा तुमचा दुसरा प्रश्न. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे, आणि या फंक्शनवरच्या बहुतेक ट्यूटोरियल्समध्ये तो येतच नाही.

१५.४४ हा मधला आकडा आहे. १७५ पानांच्या पुष्कळ ऑर्डरी केल्या तर साधारण अर्ध्या वेळा तांदूळ याहून जास्त लागेल आणि अर्ध्या वेळा कमी. शाळेतल्या गणितात मधला आकडा हे उत्तर असतं. तुमच्या धंद्यात किलोभर भात उरला तर शंभरेक रुपयांचं नुकसान, आणि शेवटच्या पंगतीला भात संपला तर पुढच्या चार ऑर्डरी गेल्या. दोन चुकांची किंमत सारखी नसताना मधला आकडा घेऊन किराणा भरणं म्हणजे नाणेफेक करणं.

म्हणून वरचा आकडा काढा. त्यासाठी आधी रेघ तुमच्या आठ ऑर्डरींत किती चुकली ते बघा. सी स्तंभात प्रत्येक ओळीसमोर खरा आकडा उणे अंदाज लिहा. १५० पानांना रेघ १३.४७ सांगते, लागले १४, म्हणजे अर्धा किलो जास्त. १२० ला रेघ ११.११ सांगते, लागले १०.५, म्हणजे ६०० ग्रॅम कमी. ८० ला जवळजवळ नेमकं. या चुकांचा सर्वसाधारण आकार =एसटीईवायएक्स(बी२:बी९,ए२:ए९) देतं: ०.४५५ किलो. हे फंक्शन फारसं कुणी वापरत नाही, आणि मला ते आर-वर्गापेक्षा कितीतरी उपयोगी वाटतं. आर-वर्ग, म्हणजे किलोंमधल्या चढउताराचा किती भाग रेघेने पकडला ते प्रमाण, तुमच्याकडे ०.९९४ येतो (=आरएसक्यू), ऐकायला झकास, पण तो इतका मोठा येण्यात तुमच्या ऑर्डरी ४० पासून २५० पर्यंत पसरलेल्या आहेत याचाही हात आहे. सगळ्या ऑर्डरी १०० ते १५० च्या दरम्यान असत्या तर तेवढ्याच चुकांवर तो बराच खाली आला असता. एसटीईवायएक्स किलोत बोलतं, आणि दुकानदारही किलोतच बोलतो.

आता ही घरं भरा. ई१ मध्ये १७५. ई२ मध्ये अंदाज: =फोरकास्ट.लिनियर(ई१,बी२:बी९,ए२:ए९). ई३ मध्ये =एसटीईवायएक्स(बी२:बी९,ए२:ए९). ई४ मध्ये

=एसक्यूआरटी(१+१/काउंट(ए२:ए९)+(ई१-अ‍ॅव्हरेज(ए२:ए९))^२/डेव्हएसक्यू(ए२:ए९))

ई५ मध्ये =टी.इन्व्ह(०.९५,काउंट(ए२:ए९)-२). आणि ई६ मध्ये =ई२+ई३*ई४*ई५.

तुमच्या आकड्यांवर ई४ येतं १.०९३, ई५ (किती खात्री हवी त्यानुसार चुकीला लावायचा गुणक) येतं १.९४३ आणि ई६ येतं १६.४०. म्हणजे साडेसोळा किलो घ्या. या धर्तीच्या वीस ऑर्डरींपैकी साधारण एकोणिसांना ते पुरेल. शून्य दशांश पंच्याण्णवच्या जागी ०.९ लिहिलं तर दहांपैकी नऊ वेळांचा हिशोब होईल. ते किती ठेवायचं हा निर्णय तुमचा आणि यजमानाचा, शीटचा नाही.

ई४ मधल्या लांबलचक सूत्राकडे नीट बघा. वर्गमूळातलं पहिलं १ हे त्या दिवशीच्या ऑर्डरीच्या स्वतःच्या चढउताराचं. १/८ यासाठी की रेघच मुळी आठ नोंदींवर उभी आहे. आणि शेवटचा तुकडा सांगतो की नवी ऑर्डर तुमच्या नेहमीच्या १२५ पानांपासून जितकी दूर, तितका अंदाज सैल. १७५ ला हा तुकडा ०.०७ आहे, नगण्य. ६०० ला तो ६.२७ होतो. ते पुढे येईलच.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या शीटमध्ये सूत्रापेक्षा मोठी अडचण स्तंभांच्या अर्थात असू शकते. तीन गोष्टी तपासा.

बी स्तंभात "लागलेला तांदूळ" लिहिलाय. तो शिजवलेला की संपलेला? शिजवलेलाच लिहिला असेल आणि उरलेला वजा केला नसेल, तर शीट लोकांची भूक शिकत नाही, तुमच्या आचाऱ्याची सवय शिकते आणि तीच तुम्हाला परत सांगते. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे भात कमी पडलेली ऑर्डर. १२० पानांना १०.५ किलो ही नोंद रेघेच्या सगळ्यात खाली आहे. त्या दिवशी भात संपला होता का? संपला असेल तर १०.५ ही खरी गरज नाही, ती फक्त पातेल्याची मर्यादा. अशा ओळी तशाच ठेवल्या तर रेघ हळूहळू खाली येते आणि पुढच्या वेळी पुन्हा कमी पडतं. "शिजवला", "उरला" आणि "कमी पडला का" असे वेगळे स्तंभ ठेवा. कमी पडलेल्या दिवशी नंतर किती घालावा लागला असता हे आचाऱ्याला विचारून लिहा; त्याचा अंदाज रिकाम्या पातेल्यापेक्षा बरा.

दुसरी गोष्ट ए स्तंभाची. ही पानं यजमानाने आधी सांगितलेली की प्रत्यक्ष उठलेली? बहुतेक जण प्रत्यक्ष उठलेली लिहितात, कारण बिल त्यावर होतं. पण किराणा भरायच्या दिवशी तुमच्या हातात प्रत्यक्ष पानं नसतात, यजमानाचा शब्द असतो. तो म्हणतो १७५, आणि येतात १९०. सूत्राला नंतर जो आकडा देणार, तोच मागच्या नोंदींत असायला हवा. सांगितलेल्या पानांवरून अंदाज काढणार असाल तर इतिहासही सांगितलेल्या पानांचा घ्या. चुका जास्त दिसतील, एसटीईवायएक्स वाढेल, ई६ वर जाईल, आणि ते बरोबर आहे, कारण यजमानाच्या शब्दाची अनिश्चितता त्यात आली. दोन्ही आकडे लिहून ठेवलेत तर उत्तम; सांगितलेल्यावरून उठलेल्या पानांचा अंदाजही याच फंक्शनने काढता येतो.

तिसरी गोष्ट टायपिंगची. आठच नोंदी असताना एक आकडा किती घोळ घालतो ते करून बघा. २५० पानांसमोर २१.५ च्या जागी १२.५ टाका. आकडे उलटे पडणं ही रोजची गोष्ट. १७५ चा अंदाज १५.४४ वरून १२.७५ वर येतो. आता ते नीट करून तेवढीच, म्हणजे नऊ किलोंची, चूक मधल्या ओळीत करा: १२० समोर १०.५ च्या जागी १.५. अंदाज १४.३८. चूक तेवढीच, पण टोकाच्या नोंदीतल्या चुकीने रेघ जवळजवळ अडीचपट जास्त हलली, कारण रेघ सरासरीच्या बिंदूपाशी टेकलेली असते आणि टोकाला हात लावला की तराजूच्या दांडीसारखी फिरते. तुमच्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या ऑर्डरींचे आकडे म्हणूनच दोनदा तपासा.

हे डोळ्यांना दिसावं म्हणून आलेख काढा. दोन्ही स्तंभ निवडून स्कॅटर आलेख घ्या, बिंदूवर उजवी क्लिक करून ट्रेंडलाइन जोडा आणि समीकरण दाखवायला सांगा. आलेखावरचं समीकरण आणि स्लोप-इंटरसेप्टचे आकडे जुळले तर रेंज बरोबर आहेत याचीही खात्री होते. आलेखाशिवाय नुसत्या आकड्यांवर जाऊ नये याचा नामी दाखला संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस ॲन्सकोम यांनी १९७३ साली दिला. त्यांनी प्रत्येकी अकरा बिंदूंचे चार संच बनवले. चारही संचांत रेघ एकच (३ अधिक ०.५ गुणिले क्ष), सरासऱ्या त्याच, आर-वर्ग ०.६७. आलेख काढला की एकात साधा विखुरलेला कल, दुसऱ्यात स्वच्छ वक्र, तिसऱ्यात सरळ रेघ आणि एक भरकटलेला बिंदू, चौथ्यात एका बिंदूवर लटकलेली सगळी रेघ. फोरकास्ट.लिनियर चारही संचांना तेच उत्तर देईल.

ट्रेंड हे फंक्शन वापरायचं की फोरकास्ट.लिनियर, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. एका स्तंभावरून अंदाज असेल तर उत्तर तेच. ट्रेंडमध्ये क्रम वेगळा: आधी किलो, मग पानं, मग नवा आकडा; =ट्रेंड(बी२:बी९,ए२:ए९,१७५). पण ट्रेंडला रिकामी घरं चालत नाहीत, #व्हॅल्यू! देतं. ट्रेंडचा खरा उपयोग दोन गोष्टींवरून अंदाज काढताना. भाताचं प्रमाण मेन्यूवर अवलंबून असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मसालेभात आणि वरणभात दोन्ही असले तर तांदूळ वेगळा, नुसता वरणभात असला आणि पुऱ्या भरपूर असल्या तर वेगळा. त्यासाठी पानांच्या शेजारीच एक स्तंभ करा, मसालेभात असेल तर १, नसेल तर ०. समजा किलो ए मध्ये, पानं बी मध्ये, मसालेभात सी मध्ये हलवलं, तर =ट्रेंड(ए२:ए९,बी२:सी९,बी१२:सी१२) असं लिहा आणि बाराव्या ओळीत नव्या ऑर्डरीची पानं आणि १ किंवा ० ठेवा. दोन्ही स्तंभ लागूनच हवेत. पानाला किती आणि मसालेभाताचे किती असे सुटे आकडे लाइनेस्ट हे फंक्शन देतं, पण ते उलट्या क्रमाने, म्हणजे शेवटच्या स्तंभाचा आकडा आधी. अनुभवी माणसंही इथे फसतात. आणि आठ नोंदींवर चार स्तंभ लादू नका. माझा ढोबळ नियम, स्तंभामागे निदान दहा नोंदी. बुफे की पंगत, इंद्रायणी की बासमती, सकाळ की संध्याकाळ, सगळं एकदम घातलंत तर आर-वर्ग एकच्या जवळ जाईल आणि पुढची ऑर्डर साफ चुकेल.

काही जण तारखांवरून हे करायला जातात: कुठल्या महिन्यात किती ऑर्डरी येतील. तारीख शीटच्या आत दिवसांचा क्रमांक असते (१ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८३), त्यामुळे सूत्र चालतं आणि मिळणारा उतार रोजचा असतो. पण तुमच्या धंद्यात ते करू नका. चातुर्मासात मुहूर्त नसतात, तुळशीच्या लग्नानंतर ऑर्डरींची रांग लागते. सरळ रेघ या चढउताराच्या मधून जाईल आणि कुठल्याच महिन्याला लागू पडणार नाही. एक्सेल २०१६ पासून फोरकास्ट.ईटीएस आहे, ते हंगाम धरतं. पण त्याला निदान दोन-तीन वर्षांच्या महिनावार नोंदी द्या. शिवाय लग्नाचे मुहूर्त पंचांगात आधीच छापलेले असतात. महिन्यातल्या मुहूर्तांची संख्या हाच स्तंभ घेऊन फोरकास्ट.लिनियर लावलं तर तारखेपेक्षा बरं चालायला हरकत नाही.

आता ६०० पानांचं लग्न. ई१ मध्ये ६०० टाका: ई२ येतं ४८.९१, ई६ येतं ५१.३१. सूत्र कुरकुर न करता उत्तर देतं. ई४ आता २.७२ झालंय, म्हणजे अंदाज किती सैल आहे ते काही प्रमाणात त्यात आलंय. पण त्यात एक गृहीतक तसंच लपलेलं राहतं: २५० पानांपर्यंत जी सरळ रेघ दिसली, ती तशीच ६०० पर्यंत जाते. याचा तुमच्या शीटमध्ये एकही पुरावा नाही. सहाशे पानांच्या लग्नात भात एका पातेल्यात होत नाही, दोन-तीन घाण्यांत होतो. प्रत्येक घाण्याचा तळ वेगळा आणि शेवटचा घाणा किती टाकायचा हा निर्णय ऐनवेळी होतो. काउंटर जास्त, मेन्यूत पदार्थ जास्त, म्हणून प्रत्येकाच्या ताटात भात कमी. आहेर देऊन न जेवता जाणारे असतात. काही कारणं आकडा वर नेतात, काही खाली, आणि निव्वळ परिणाम रेघेला माहीत नाही.

मी असतो तर असं केलं असतं. ५१ किलो हा सुरुवातीचा आकडा धरायचा. ज्याने एवढ्या मोठ्या पंगती उठवल्या आहेत अशा आचाऱ्याला, हा आकडा न सांगता, त्याचा अंदाज विचारायचा. दोन्हींत पाच किलोंपेक्षा जास्त फरक असेल तर आचाऱ्याचा धरायचा. तांदूळ ५५ किलो आणून ठेवायचा पण पहिले घाणे ४५ किलोंचेच लावायचे. न शिजलेला तांदूळ परत आणता येतो. पहिली दीडशे-दोनशे पानं उठेपर्यंत किती भात गेला ते मोजून शेवटच्या घाण्याचं ठरवायचं. आणि त्या रात्री, भांडी घासून होण्याआधी, नववी नोंद म्हणून शिजवलेला, उरलेला आणि दोन्ही प्रकारची पानं लिहून ठेवायची. फक्त ती ओळ घातल्यावर लगेच स्लोप पुन्हा बघा. सहाशेचा तो एक बिंदू इतका लांब असेल की रेघ जवळपास त्याच्याच मर्जीने फिरेल, त्यामुळे ४०० च्या आसपासच्या दोन-तीन ऑर्डरी हाती येईपर्यंत छोट्या समारंभांचा अंदाज जुन्या आठ ओळींवरच, वेगळ्या शीटमध्ये, काढत राहा.